दोराखालचं जेवण

डोमाजी मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस मरायलाच बसला आहे अशी माझी खात्री झाली होती. शाळेच्या मागच्या अंगणात चिंचेचं मोठं झाड होतं. त्याच्या आडव्या फांदीवरून दोर टाकून सागाचा एक ओंडका वर ओढून टांगलेला होता, चांगला माणसाच्या उंचीचा. आणि नेमका त्याच्या खाली मांडी घालून, डबा उघडून, एक पन्नाशीचा ठेंगणा गृहस्थ शांतपणे भात कालवत होता. चार-पाच पोरं बाजूला उभी होती. दोराचं दुसरं टोक खुंटाला बांधलेलं होतं, आणि ते बांधलं होतं सहावीतल्या एका शेंबड्या पोरानं.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला नागपुराहून नुकताच आलो होतो. नागभीडपासून सात-आठ मैलांवरचं गाव, भोवती धानाची शेतं आणि शेतं संपली की जंगल. आमचा सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यातच मोडत असे. मी धावत गेलो आणि त्यांना उठा उठा म्हणू लागलो. त्यांनी मान वर केली, ओंडक्याकडे नाही, माझ्याकडे. जरा सरकून शेजारी जागा केली आणि म्हणाले, "या मास्तर, जेवाले बसा."

ती गाठ तुम्ही तपासली का, असं मी विचारलं. त्यांनी त्या पोराकडे बोट केलं.

"मी कायले तपासू? त्याले विचारलं. बांधलं म्हनते."

मी काही त्या ओंडक्याखाली गेलो नाही. लांब उभा राहून त्यांचं जेवण संपेपर्यंत पाहत राहिलो. जेवणारे ते, आणि घाम मला फुटलेला. त्या पोराकडे माझं लक्ष गेलं तेव्हा त्याची नजर गाठीवर खिळलेली होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. वर्गात पाच मिनिटं एका जागी न बसणारा तो पोरगा पाऊण तास हलला नाही.

डोमाजी शाळेत सुतारकाम शिकवायचे. पण त्यांचा खरा विषय वेगळाच होता, आणि तो कुठल्याही वेळापत्रकात नव्हता. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगावी नाटकं सुरू होतात. नाटकात काम करायचं म्हटलं की तिथली पोरं जेवण विसरतात. ती डोमाजींकडे यायची आणि राजाचं नाहीतर खलनायकाचं काम मागायची. डोमाजी त्यांना वाकडे खिळे सरळ करायला बसवायचे. मग गाठी. मग पडदा गुंडाळणं, सोडणं, चौकटीला कापड ताणणं. अख्खं एक वर्ष पडद्यामागे काढल्याशिवाय कुणी पडद्यापुढे जायचं नाही, असा त्यांचा कायदा होता. गंमत अशी की वर्ष संपल्यावर निम्मी पोरं पुढे जायलाच तयार नसत.

त्यांनी स्वतः जन्मात एकही नाटक समोरून पाहिलेलं नव्हतं. मी चकित होऊन कारण विचारलं तर म्हणाले, समोरून तर सगळेच पाहतात.

गुडघ्यापर्यंत धोतर, कानावर पेन्सिल, आणि सदऱ्याच्या खिशात सुतळीचा तुकडा. कुणी बोलू लागलं की ती सुतळी बाहेर निघायची आणि ते ऐकता ऐकता गाठी मारत राहायचे. आमच्या हेडमास्तरांना लांबण लावायची सवय होती. सभा संपल्यावर डोमाजी सुतळी वर धरून गाठी मोजत आणि आज अकरा झाल्या, मागच्या वेळी नऊच होत्या, असं गंभीरपणे सांगत. हेडमास्तरांना हे कळत होतं. पण शाळेतली बाकं, फळे, खिडक्या सगळ्या डोमाजींच्या हातच्या होत्या, त्यामुळे ते बोलत नसत.

त्यांचे नियम दोनच होते. पहिला मी त्या दिवशी पाहिला. ते एकदाच विचारत, "बांधलं?" पोरानं "बांधलं" म्हटलं की ते वर न बघता खाली जाऊन बसत. रोजचं दुपारचं जेवण ते असंच, पोरांनी त्या दिवशी जे काही टांगलं असेल त्याच्या खाली बसून जेवत. दुसरा नियम असा, की तालमीत काय आणि खेळात काय, मागे उभ्या असलेल्या कुणालाही "थांब" म्हणायचा हक्क होता. कुणी थांब म्हणालं की सगळं तिथल्या तिथे थांबायचं. का, ते विचारायचं नाही, अगोदर थांबायचं.

या दुसऱ्या नियमानं मला वेड लागायची पाळी आली. त्या वर्षीच्या ग्यादरिंगसाठी मी एक नाटक लिहिलं होतं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि आपण लिहिलेलं चांद्यापासून नागपूरपर्यंत गाजणार याबद्दल मला शंका नव्हती. तालमीत माझा राजा ऐन भरात आला असताना पाचवीतलं एक पोरगं मागून "थांब" म्हणालं. सगळं ठप्प. मी जाऊन पाहतो तर त्याच्या पायावरून पाल गेली होती. मी त्याचा कान धरणार तेवढ्यात डोमाजी मध्ये आले. त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला, बरं केलंस म्हणाले, आणि पाल निघून जाईपर्यंत आम्हा सगळ्यांना उभं ठेवलं. मी संतापून म्हटलं, असं उगाच थांबवायला लागले तर नाटक कसं होणार?

ते म्हणाले, "थांब खोटा निघला तं चालते, मास्तर. बांधलं खोटा निघला तं नाई चालत."

मी हे हसण्यावारी नेलं. सुताराला नाटक काय कळतं, असंही त्या संध्याकाळी मी घरमालकापाशी बोललो.

त्या साली ग्यादरिंगला शाळा तपासनीस साहेब येणार होते. शाळेला मॅट्रिकचा वर्ग मिळतो की नाही हे त्यांच्या मर्जीवर होतं, त्यामुळे हेडमास्तरांची झोप उडाली होती. साहेबांना नागभीडहून रात्रीची गाडी पकडायची होती, म्हणून नाटक दुपारी ठेवलं गेलं. मी हवालदिल झालो. दुपारच्या उन्हात नाटक, आणि तेही बांबूच्या तट्ट्यांनी चहूकडून बंद केलेल्या मांडवात, म्हणजे आत अंधार आणि बाहेर लख्ख. डोमाजींनी रॉकेलचे रिकामे डबे कापले, त्यांचे पत्रे सरळ केले आणि पोरांकडून राखेनं घासून घेतले. मांडवाच्या तट्ट्यांना जागोजागी खिडक्या पाडल्या आणि बाहेर मचाणावर पत्रा धरून एकेक पोर उभं केलं. पत्र्यावरचं ऊन खिडकीतून थेट रंगमंचावर पडायचं. राजा दुःखी झाला की पत्रा वळायचा आणि त्याच्या तोंडावर सावली यायची.

यात सगळ्यात हुशार निघाली फुलवंता. शाळेत मुली आठच होत्या, त्यातली ही सातवीतली, जवळच्या गावच्या धानवाल्या शेतकऱ्याची. भूमितीत नापास झालेली आणि विचारल्याशिवाय एक शब्द न बोलणारी. डोमाजींनी तिला महिनाभर रोज दुपारी भिंतीवर खडूनं उन्हाच्या खुणा करायला लावल्या. महिन्याअखेर ती गणिताच्या मास्तरांना जाऊन विचारू लागली की ऊन या कोनात येतंय तर पत्रा कितीत धरू. ते बिचारे मला येऊन म्हणाले, मी दोन वर्षं या पोरीला कोन शिकवतोय, आणि हा सुतार बघा. मीही थक्क झालो होतो, पण माझं लक्ष माझ्या वनदेवीकडे होतं.

माझ्या नाटकाच्या शेवटी वनदेवी आकाशातून खाली उतरत असे. त्यासाठी झोपाळा हवा होता, वरच्या झालरीमागे लपवलेला, आणि तो पेलणारा एक लांब आडवा बांबू. वनदेवी म्हणून मी हेडमास्तरांची धाकटी मुलगी घेतली होती, कुसुम, नऊ वर्षांची. यात माझा थोडा स्वार्थ होता हे कबूल करतो.

बांबू आणायला गाडी निघाली तेव्हा कोजागिरी तोंडावर आली होती. डोमाजींनी नाही म्हणून सांगितलं. चांदण्या पाखात, म्हणजे शुक्ल पक्षात, बांबू कापायचा नसतो, अंधारा पाख येऊ द्या. मी हसलो. चंद्राचा आणि बांबूचा काय संबंध, हे मी पोरांसमोरच विचारलं.

"चांदन्यातला बांबू गोड असते," ते म्हणाले. "गोडाले कीडा लागते. आतून खाऊन टाकते, वरून समजत नाई."

पण पुढे दिवाळीची सुटी आणि धानकापणी, गाडी पुन्हा मिळणार नव्हती. शेवटी त्यांनी मार्ग काढला. कापलेले बांबू महिनाभर गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, दगडं ठेवून बुडवून ठेवायचे. पाण्यात गोडवा उतरतो, मग कीड लागत नाही. एवढं सांगून ते धान कापायला आपल्या गावी गेले.

पोरांनी बांबू बोडीत टाकले. एक सोडून सगळे. सगळ्यात लांब आणि सरळ बांबू मी गाडीवरूनच काढून माझ्या पडवीत नेला होता, कारण मला त्यावर सोनेरी कागद चिकटवायचा होता आणि भिजलेल्या बांबूवर खळ धरत नाही. दिवाळीच्या सुटीत मी तो हातानं मढवला. इतका सुंदर दिसत होता की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे.

डोमाजी परत आले. मांडव उभा राहिला. झोपाळ्याचा बांबू वर चढवायच्या वेळी सगळी पोरं भोवती होती. डोमाजींनी त्या सोनेरी बांबूकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हा बोडीतला हाय न?"

मी राजाला भाषण शिकवत होतो. मान न वळवता म्हणालो, "हो, हो."

एवढंच. त्यांनी कागद फाडून पाहिला नाही, ठोकून पाहिला नाही, पुन्हा विचारलं नाही. बांबू वर चढला. झोपाळ्यात धानाचं पोतं ठेवून त्यांनी ते दहा वेळा खाली-वर केलं. मग पोतं वर तसंच ठेवून, डबा घेऊन, ते त्याच्या खाली जेवायला बसले. तो दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. इतके दिवस ते पोरांच्या गाठींखाली बसून जेवले होते. त्या दिवशी ते माझ्या "हो"खाली बसले होते.

नाटकाच्या दिवशी मांडव खच्चून भरला. साहेब मधल्या खुर्चीत, शेजारी हेडमास्तर कडक इस्त्रीत. नाटक इतकं रंगलं की साहेबांनी दोनदा स्वतःहून टाळ्या वाजवल्या. शेवटचा प्रवेश आला. कुसुम मागच्या मचाणावर उभी होती, झोपाळ्यात पाय टाकायच्या बेतात. पेटीवाल्यानं सूर धरला. बाहेरून फुलवंतानं पत्रा वळवला आणि उन्हाचा झोत वर चढत सोनेरी बांबूवर जाऊन थांबला. लोकांतून हुंकार उठला. मी विंगेत हात जोडून उभा होतो, पलीकडे पडद्याचा दोर धरून डोमाजी.

तेवढ्यात खिडकीतून तिचा आवाज आला, मोठा नव्हता. "थांब."

तो शब्द पुरा व्हायच्या आत धाडकन पडदा खाली आला.

पुन्हा कुठे पाल निघाली असेल आणि दचकून डोमाजींच्या हातून दोर सुटला, असंच मला वाटलं. पेटी बंद. लोक अगोदर गप्प, मग कुणीतरी हसलं, मग सगळा मांडव हसायला लागला. डोमाजींनी मचाणावर चढून कुसुमला कडेवर घेऊन खाली आणलं. मी पडदा उघडा, पडदा उघडा म्हणून ओरडत होतो. ते एकदा वर बांबूकडे बघत होते आणि एकदा माझ्याकडे. मी त्या सगळ्या पोरांसमोर त्यांना म्हणालो, "एक दोर धरता येत नाही तुम्हाला?"

"नाई आला, मास्तर," ते म्हणाले.

आणि मग जे झालं त्यानं पोरंसुद्धा आ वासून बघत राहिली. आयुष्यात कधी पडद्यापुढे न गेलेला हा माणूस पडद्याची कड बाजूला करून पुढे गेला, साहेबांसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "माह्या हातून दोर सुटला. पुढचं नाटक होनार नाई."

साहेब घड्याळ बघत उठले. हेडमास्तरांचा चेहरा पाहवत नव्हता. ज्यानं गावाला दोर धरायला शिकवलं त्याचाच दोर सुटला, हे गावभर झालं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर लोक त्यांना बघून हातातून काहीतरी निसटल्याचं सोंग करत होते. हेडमास्तरांनी माझ्याकडून लेखी मागितलं. मी एका दमात लिहून दिलं की सदर शिक्षकाच्या निष्काळजीपणामुळे शाळेची नाचक्की झाली. "सदर" हा शब्द घालताना मला समाधान वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

त्यानंतरचा रविवार. मांडव उतरवला होता आणि सामान पटांगणात पडलं होतं. सोनेरी कागद वाया जाऊ नये म्हणून तो सोडवून घ्यायला मी एकटाच गेलो. बांबू मधोमध हातात धरला आणि कागद ओढला. कागदाबरोबर बांबू आत दबला. माझी बोटं बांबूत शिरली. आतून पीठ सांडलं, पिवळसर, चाळलेल्या बेसनासारखं, आणि माझ्या चपलांवर त्याचा ढीग झाला. नंतर बांबू माझ्या हातात दोन तुकडे झाला. जोर लावावाही लागला नाही.

मी खाली बसलो.  कुसुम नऊ वर्षांची होती आणि झोपाळा दहा फुटांवर. तिचे पाय, तिचा तो कागदी मुकुट, एवढंच मला दिसत राहिलं.

तो तुकडा घेऊन मी तसाच डोमाजींच्या घरी गेलो. ते ओसरीवर पाटाला पाय बसवत होते. मी तुकडा पुढे धरला. त्यांनी त्याला हातही लावला नाही.

"फुलवंताच्या उजेडात झरताना दिसला," ते म्हणाले. "समजलं मले."

मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी विचारलं.  बांबू किडका निघाला म्हणाला असता तर कुणी तुम्हाला हसलं नसतं. उलट हेडमास्तरांनी पाय धरले असते.

त्यांनी खिशातून सुतळी काढली. बराच वेळ गाठ मारली नाही, नुसती बोटांना गुंडाळत राहिले.

"तुमाले मी पोरायसमोर विचारलं होतं," ते म्हणाले. "तुमी हो म्हनले, तेबी पोरायनं आयकलं. बांबू किडका हाय म्हनलो असतो, तं सारे पोट्टे समजले असते का मास्तर लबाड बोलला. मंग उद्या कोन कोनाच्या दोराखाली उभा राहीन? दोर सुटला म्हनलं तं मीच एकटा खराब झालो. तेवढा चालते."

मी आजवर अनेक मार खाल्ले आहेत, पण असा नाही. मी म्हणालो, आत्ता हेडमास्तरांकडे जातो, लेखी परत घेतो, सगळं सांगतो. त्यांनी मान हलवली. हेडमास्तरांना सांगून काय होणार, ते म्हणाले, त्यांना मुलगी आहे, उगाच झोप जाईल.

"सांगाचं असन तं पोरायले सांगा. मी सांगतलं तं ते चुगली होते. तुमी सांगतलं तं तो धडा होते."

सोमवारी तो तुकडा धोतराच्या ओच्यात घालून मी सातवीच्या वर्गात गेलो. पोरं उभी राहिली, बसली. मी टेबलापाशी उभा राहिलो. फुलवंता पहिल्या बाकावर होती आणि माझ्याकडे बघत होती. त्या पोरीनं ते पीठ झरताना स्वतः पाहिलं होतं, आणि मी "हो" म्हणालो तेव्हा ती तिथेच होती. ती काही बोलली नव्हती, कुणाकडेही. तिच्या बघण्यात राग नव्हता. ती वाट बघत होती. मी खडू उचलला आणि फळ्यावर समास लिहिले. तास संपेपर्यंत मी पोरांकडे तोंड केलं नाही. खिडकीबाहेर डोमाजी एका दाराला रंधा मारत होते. ते मध्ये एकदा थांबले, आणि मग पुन्हा रंधा मारू लागले.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग पुढच्या सोमवारी. असं म्हणता म्हणता परीक्षा आल्या. हेडमास्तरांनी शाळेत नाटक बंद केलं, चिंचेवरचा ओंडका उतरवून जळणाला दिला आणि डोमाजींनी पोरांना फक्त पाट आणि बाकं शिकवावीत असा हुकूम काढला. डोमाजींनी तो मुकाट्यानं पाळला. जून उजाडायच्या आत ते शाळा सोडून गेले होते. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका नवीन शाळेत. मला सांगून गेले नाहीत, आणि त्यांनी का सांगावं?

दोन वर्षं मी तो बांबूचा तुकडा पेटीत ठेवला. त्यातून पीठ सांडतच राहिलं, माझे कपडे त्या वासाचे झाले. फुलवंता शाळा सोडून गेली, तिचं लग्न झालं. ज्या पोरांना सांगायचं होतं ती एकेक करून पांगली. शेवटी एका हिवाळ्यात मी गडचिरोलीपर्यंत मोटारीनं, पुढे लाकूड नेणाऱ्या ट्रकमधून आणि शेवटचे चार मैल पायी गेलो.

शाळा म्हणजे एक लांबट झोपडी होती. मोहाच्या झाडाखाली दहा-बारा पोरं, सगळी आसपासच्या जंगलातल्या गावांची, घरात गोंडी बोलणारी. फांदीवरून दोर सोडलेला होता आणि जमिनीवर ओंडका. डोमाजींचे केस पांढरे झाले होते, कानावर पेन्सिल तीच. मला पाहून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. कसे आलात, जेवलात का, एवढं विचारलं. पोरांना अजून धड मराठी येत नाही, पण बांधलं आणि थांब हे दोन शब्द पहिल्याच आठवड्यात आले, असं कौतुकानं सांगितलं. मग दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

"बांधा मास्तर एवढा. पोट्ट्यायले दाखवा."

पोरांनी ओंडका वर ओढला. मी खुंटाला गाठ मारली. त्या शाळेत पोरांचं बघून बघून मला येत होती. डोमाजींनी झाडाच्या बुंध्याशी ठेवलेला डबा उचलला आणि पाठमोरे असतानाच विचारलं, "बांधलं?"

मी गाठीवर हात ठेवूनच उभा राहिलो. त्यांनी मला विचारलं होतं. मला, पुन्हा, पोरांसमोर. ते ओंडक्याच्या दिशेनं चालायला लागले होते.

"थांबा," मी म्हणालो.

ते तिथल्या तिथे थांबले, एक पाऊल पुढे टाकलेलं तसंच. का, ते विचारलं नाही.

मग मी त्या पोरांना सांगितलं. एका मोठ्या पोराला मराठी बऱ्यापैकी येत होतं, तो एकेक वाक्य गोंडीत सांगत गेला. त्यामुळे मला प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागे आणि आपण काय बोललो ते त्या पोरांच्या चेहऱ्यावर बघावं लागे. बांबू बोडीत टाकला नव्हता. गुरुजींनी विचारलं. मी हो म्हणालो. वरून एक मुलगी खाली यायची होती. हे शेवटचं वाक्य त्यानं सांगितलं तेव्हा एका लहान पोरीनं तोंडावर हात ठेवला. दोर गुरुजींच्या हातून सुटला नव्हता, मी म्हणालो. ते वाक्य त्या पोरानं लगेच सांगितलं नाही. तो आधी डोमाजींकडे वळून बघत राहिला. डोमाजी खाली जमिनीकडे बघत होते.

बोलून झाल्यावर मी खुंटाशी गेलो, गाठ सोडली, ओंडका खाली घेतला, पुन्हा वर ओढायला लावला आणि पुन्हा बांधली. हात घामानं ओले झाले होते, ते धोतराला पुसले आणि तिसऱ्यांदा आवळली. पोरं वाट बघत होती.

"बांधलं?" डोमाजींनी विचारलं.

"बांधलं."

ते ओंडक्याखाली जाऊन बसले. मांडी घातली, डबा उघडला. भात होता आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. मग जरा सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"या मास्तर, जेवाले बसा."

त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही, पुढच्या पावसाळ्यात ते तापानं गेल्याचं कळलं. त्या दिवशी मी जाऊन बसलो. त्यांनी माझ्यापुढे भात वाढला. मी घास हातात धरून सारखा वर ओंडक्याकडे बघत होतो. डोमाजी खाली मान घालून, सावकाश, भात कालवत होते.